खव्याच्या जीपचं टायमिंग

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या ईट गावात कुणालाही विचारा. गाडी गॅरेजपुढं नीट उभी राहायच्या आत मी सांगून मोकळा होतो, बिघाड कशात आहे आणि कुणाच्या गाढवपणानं झालाय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं, म्हणून लोक ऐकून घेतात. चुकलं तर इंजिन पुन्हा खोलायचं, एवढंच. पण दोन उन्हाळ्यांमागं माझ्या या तोंडानं एका माणसाची भाकरी काढून घेतली. ते सांगायचंय.

जीप खव्याच्या भट्टीवरची होती. आमच्या भूमच्या बाजूला खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. त्यातली एक ईटच्या बाहेर, ओढ्याच्या कडेला. मालकीण साठीच्या पुढच्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. अक्कांकडं दूध यायचं डोंगरातल्या वस्त्यांवरून. तिथली वाट म्हणजे नुसते धोंडे, मधी दोन ओढे आणि शेवटी असा चढ, की पुढच्या चाकांना ओढ दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. टेम्पो तिकडं फिरकत नाही. म्हणून ही जुनी डिझेलची जीप. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असेल. रोज सकाळी वर जायची आणि कॅन भरून दहाच्या आत भट्टीवर परत यायची. त्यानंतर ऊन तापतं आणि दूध फुटतं.

ती चालवणारा ड्रायव्हर मूळचा तामलवाडीचा, तुळजापूरकडचा. माझ्याच वयाचा, सडसडीत, कमी बोलणारा. बारा वर्षं अक्कांच्या गाडीवर होता. भट्टीमागच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

मार्च संपत आला होता. भर उन्हात एका ट्रॅक्टरनं जीप ओढत आणली. मागं दुधाचे सात कॅन तसेच. पाठोपाठ अक्का स्वतः, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून.

"बघ रे हिला," उतरता उतरताच अक्का म्हणाल्या. "चढावर वाफा सोडल्या अन् बसली. म्हैन्यात दुसऱ्यांदा. एवढं दूध आता गटारात वतू का तुझ्या डोक्यावर?"

"माझ्या डोक्यावर कशाला? म्या काय केलं?"

"मग कुणी केलं ते सांग. गाडीचा दोष असला तर गाडी ईकते. मानसाचा असला तर मानूस बदलते. लई झालं आता. मला निकाल पायजे."

मानूस म्हणताना त्यांनी ड्रायव्हरकडं बघितलं. तो जीपच्या कडेला उभा होता, खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसत. हात आधीच स्वच्छ होते.

मी दुपारी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. खालचं गॅस्केट, सांधा बंद करणारा पातळ पत्रा, दोन सिलिंडरच्या मधी जळून कोळसा झालेलं. इंजिनाच्या तेलात पाणी उतरून त्याचा चहा झालेला. गॅस्केट असं जळतं ते गाडी तापल्यावरच. आणि गाडी एवढी तापते ती दोन कारणांनी. एक, रेडिएटरमध्ये पाणी नसताना दामटली तर. दुसरं, टायमिंग चुकलं तर. टायमिंग म्हणजे फार अवघड काही नाही. डिझेलच्या इंजिनात पिस्टन वर येऊन हवा दाबतो आणि नेमक्या वेळेला पंप डिझेलचा फवारा सोडतो. फवारा आधी सुटला तर पिस्टन वर चढतोय तोवरच आग पेटते, आणि पिस्टनच्या डोक्यात घण घातल्यागत ठोका बसतो. गाडी टकटक वाजते, तापते, आणि शेवटी काहीतरी फुटतं.

मी ड्रायव्हरला बोलावलं. अक्का स्टुलावर बसून ऐकत होत्या.

"पाणी बघत होतास का?"

"रोज. निघायच्या आदी आन वर पोचल्यावर."

"मग तापली कशी?"

"ठोकतीय ती, मिस्त्री. चढाला लई ठोकतीय."

"कधीपासून?"

"दोन म्हैने झाले आसतील."

"दोन महिन्यांमागं काय झालं होतं?"

त्यानं जीपकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, मग खाली बघितलं. "काय न्हाय. भूमला डिझेलचा पंप दुरुस्त करून बसवला."

भूमला पंप बसवला म्हणजे उस्तादाकडं. दुसरं नाव या भागात कुणी घेतच नाही. एसटी स्टँडच्या मागं पत्र्याची शेड, पुढं लिंबाचं झाड, आणि झाडाखाली नंबर लावून उभ्या असलेल्या गाड्या. मी स्वतः तिथं अकरा वर्षं घासलोय. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं.

टायमिंग लावायची उस्तादाची एक पद्धत होती. इंजिन चालू ठेवायचं, पंपाचे नट जरा ढिले करायचे आणि तळहातानं पंप हळूच पुढं सरकवायचा. इंजिन ठोकायला लागलं की थांबायचं. मग केसभर, केसभर मागं घ्यायचा आणि ठोका जिथं बंद होईल तिथं नट आवळायचे. कसला मीटर नाही, काटा नाही. सगळा कानाचा कारभार. मग छिन्नी घेऊन पंपाच्या कडेपासून इंजिनाच्या पत्र्यापर्यंत एक आडवी रेघ ठोकायची. ती उस्तादाची खूण. पुढं कधी पंप उतरवावा लागला तर परत बसवताना रेघेला रेघ जुळवायची, की टायमिंग जिथल्या तिथं.

आणि आम्हा शिकलेल्यांचा एक नेम होता. उस्तादाची खूण दिसली की तिथं पाना लावायचा नाही. तपासायचं देखील नाही. तपासलं म्हणजे संशय घेतला. हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं, आमचं आम्हीच धरलं होतं, आणि भूमपासून बार्शीपर्यंत पसरलेल्या आमच्यातल्या एकानंही तो नेम मोडला नव्हता.

मी वाकून पंपाकडं बघितलं. रेघ ताजी, चकचकीत, पंपावरची आणि पत्र्यावरची अगदी समोरासमोर. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

"म्हणजे उस्तादानं टायमिंग चुकवलं म्हणतोस व्हय रे?"

"म्या तसं म्हनलोच न्हाय."

"मग कसं म्हणतोस? तू होतास ना तिथं? काय झालं तिथं, सांग की."

"काय न्हाय झालं. त्यांनी चा दिला. पिऊन आलो."

मान खालीच. मान खाली घालणारा ड्रायव्हर काहीतरी लपवतोय, हा माझा तोवरचा अनुभव. आणि याच्याकडं लपवण्यासारखं होतंच. पाणी न बघता गाडी पळवली, आता अंगाशी आलं म्हणून माझ्या उस्तादाच्या नावाला चिखल लावायला निघाला. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"अक्का, निकाल पायजे ना तुम्हाला?" मी म्हणालो. "घ्या. कोरडी गाडी दामटलीय यानं. एकदा नाही, दोनदा. मानूस बदला."

अक्कांनी त्याला विचारलं, "तुला काय सांगायचंय का?"

"मिस्त्री म्हनत्यात तर तसं आसंल," तो म्हणाला. खिशातनं चावी काढली, माझ्या हत्यारांच्या टेबलावर ठेवली आणि उन्हात चालत गेला. चौथ्या दिवशी भट्टीमागची खोली रिकामी झाली. नवरा-बायको तामलवाडीला गेले असं कळलं. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी पोटभर जेवून दुपारचा झोपलोसुद्धा.

जीप मी नीट केली. हेड घासून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, तेल बदललं. पंप उतरवावा लागला होता, तो परत बसवताना डोळ्यात तेल घालून रेघेला रेघ जुळवली. गाडीवर आता अक्कांचा भाचा आला. मी त्याला एवढा दम भरला होता की गडी पाण्याचे दोन कॅन जवळ ठेवूनच गाडी चालवायचा. थांबेल तिथं बॉनेट उघडून बघायचा. लोक हसायचे त्याला.

आठव्या दिवशी जीप परत माझ्या दारात. चढाला ठोकतीय, तापतीय. भाचा म्हणाला, "मामा, आईशप्पत, पानी काठोकाठ हाय." मी रेडिएटरचं झाकण काढलं. काठोकाठ होतं.

आता कुणावर ओरडावं, हा प्रश्न पडला. रेडिएटर काढून आतला गाळ धुतला. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप बघितला. डिझेलच्या नळीत हवा शिरतीय का ते बघितलं. फवारा सोडणारे चारी नोझल बार्शीला पाठवून मशीनवर तपासून आणले. सगळे चोख. व्हॉल्व्हची फट मोजली, बरोबर. गाडी सुरू केली की टकटक टकटक. आता चढ राहिला लांब, भट्टीच्या फाटकातनं निघतानाच वाजायची. मधी एक दिवस दूध वाटेतच फुटलं. अक्का गॅरेजवर आल्या आणि स्टुलावर न बसता उभ्या राहूनच म्हणाल्या, "आता कुणाला काढू? भाच्याला का तुला?"

मी परत बॉनेटखाली मान घातली.

राहिलं होतं एकच. मी ते दोन दिवस टाळलं. दुसऱ्या गाड्यांची कामं काढून बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि उस्तादाच्या खुणेजवळ पाना लावला. अंगाला घाम. चोरी करताना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

कानाशिवाय टायमिंग बघायची एक जुनी रीत आहे, थेंबाची. पहिल्या सिलिंडरला जाणारी डिझेलची नळी काढायची, पंपाचा तिथला व्हॉल्व्ह काढायचा आणि एक वाकडी बारीक नळी लावायची. मग इंजिन हातानं अगदी सावकाश फिरवायचं. वाकड्या नळीतनं डिझेलची धार लागते. पंप दाब धरायला लागला की धार बारीक होते, मग थेंब, थेंब, आणि थेंब थांबतो. तो थांबला ती फवाऱ्याची वेळ. त्या वेळेला पुढच्या पुलीवरची कंपनीची खूण काट्यासमोर यायला पाहिजे.

थेंब थांबला. पुलीवरची खूण काट्यापासून दीड बोट अलीकडंच होती. म्हणजे वेळ यायच्या कितीतरी आधी फवारा सुटत होता.

मी परत केलं. तेच. नळी पुसून, पायाखाली फळी घेऊन, डोळा काट्याच्या सरळ रेषेत आणून तिसऱ्यांदा केलं. दीड बोट. पंप सरकला म्हणावं तर रेघ जुळलेली. म्हणजे रेघ ठोकली तेव्हाच चुकीच्या जागी ठोकली होती. मी तिथंच जमिनीवर बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी केलं होतं, आणि तेही दोरी न तपासता.

थेंबावर टायमिंग लावलं, नट आवळले आणि भाच्याला शेजारी बसवून स्वतः जीप डोंगरावर घातली. चढाला पुढच्या चाकांना ओढ दिली. गाडी न ठोकता, न तापता, गुरगुरत वर गेली. भाचा आनंदानं हसायला लागला. मला मात्र त्या रिकाम्या खोलीचं दार दिसत होतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन भूमला गेलो. उस्ताद चुकले, हे वाक्य मनातल्या मनात म्हणायला मला ईटपासून भूमपर्यंतचा सगळा रस्ता लागला. त्या दिवशी तिथं आठवडी बाजार, स्टँडसमोर ही गर्दी. शेडमध्ये एक टेम्पो चालू होता. रस्त्यावरनंच मला ऐकू आलं, टकटक टकटक, कानठळ्या बसवणारं. उस्ताद टेम्पोवर वाकलेले. तळहात पंपावर, डोळे मिटलेले. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि नट आवळायला घेतले.

"उस्ताद!" मी मागनं हाक मारली. काही नाही. परत मारली. तेवढ्यात स्टँडातनं निघणाऱ्या एसटीनं हॉर्न दाबला. मी दचकलो. उस्तादाची पापणी हलली नाही.

मी वळसा घालून समोर गेलो तेव्हा त्यांनी बघितलं आणि चेहरा फुलला. "अरे, कधी आलास?"

"उस्ताद, हा टेम्पो ठोकतोय."

"हौ हौ, सगळे खुशाल. तुझ्याकडं कसं?"

पंप मागं घेताना ठोका त्यांच्या कानातनं आधीच जात होता आणि इंजिनात तसाच राहत होता. ते आपले ठोका बंद झाला म्हणून नट आवळत होते.

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "गाडी ठोकतीय! तुम्हाला ऐकू येत न्हाय!"

"कुणाला ऐकू येत न्हाय? मला?" उस्ताद भडकले. "मला शिकवतोस? ह्या कानावर चाळीस वर्षं गाड्या पळाल्यात, चाळीस वर्षं!"

मी वाद घातला नाही. त्यांचा हात धरला आणि बोटं पंपातून निघणाऱ्या नळीवर ठेवली. नळीवर ठोका बोटाला कळतो. मग दुसऱ्या हातानं मी पंप मागं घेत गेलो. बोटाखालची धडधड मऊ झाली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, इंजिनाकडं बघितलं, परत बोटाकडं. मग स्वतःच टेम्पो बंद केला आणि पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसले.

"घरी टीव्हीवरनं रोज भांडण," ते म्हणाले. "सून म्हणते आवाज कमी करा. मी म्हणायचो, तुमचेच कान नाजूक झालेत." मग जीपकडं बोट केलं. "अक्काची ना? ड्रायव्हर कुठाय तिचा? भला मानूस हाय त्यो."

मी कानाशी वाकून सगळं सांगितलं. मीच त्याला घालवला, हेही सांगितलं.

"टायमिंग बघितलं होतंस?"

"नाही. तुमची खूण होती."

"खूण म्हणजे काय कोर्टाचा शिक्का हाय का रे? लोखंडावरची रेघ हाय ती. पाना लावून बघायला काय हात झिजत होते तुझे?" अकरा वर्षांत ते माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. "मला चुकलात म्हणायला भ्यालास, आन त्याला चोर म्हणायला न्हाय भ्यालास."

मी खाली मान घालून उभा राहिलो. मान खाली कशाकशासाठी जाते, ते तेव्हा थोडं कळायला लागलं.

अक्कांकडं मी एकटाच गेलो. वाटलं होतं उस्तादावर तोंडसुख घेतील. त्या कढईतला खवा हलवत होत्या. उलथनं थांबवून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हातारा मानूस, कान गेला, त्याला कोन काय करणार? पन तुझे कान तर शाबूत हुते की. त्यो ठोकतीय म्हणत हुता तवा ऐकलंस का तू? माझ्या हातून पाप करविलंस. बारा वर्षांचा मानूस म्या उन्हात हाकलला." मग परत हलवायला लागल्या. "जीप घिऊन जा. त्याला घिऊनच ये. त्यो न आला तर तू बी हितं दिसू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमवरनं जाताना बघतो, तर उस्ताद मला न सांगताच तयार होऊन शेडपुढं उभे होते. डोक्याला टोपी, धुतलेला सदरा. "मी बी येणार," एवढंच म्हणाले. तामलवाडी आमच्यापासून लांब आहे, जुन्या जीपनं तर जास्तच लांब. सबंध रस्ताभर उस्तादाचा एक हात समोरच्या पत्र्यावर टेकलेला होता. तुळजापूरचा घाट उतरेपर्यंत एकच वाक्य बोलले: गेल्या दोन वर्षांत शेडमधनं गेलेल्या गाड्या एकेक करून परत बोलवायच्या, आणि थेंबावर बघायच्या.

ड्रायव्हर सापडायला वेळ लागला नाही. तामलवाडीच्या फाट्यावर एक द्राक्षाचा ट्रक भरत होता, हा पेट्या उचलायला होता. बारा वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस पाठीवर पेट्या वाहत होता. आम्हाला बघून त्यानं हातातली पेटी ठेवली आणि पहिल्यांदा उस्तादाकडं गेला. "चाचा, तुमी कशाला एवढ्या लांब आलात? उनाचं?" आम्हाला हॉटेलात बसवलं, स्वतः चहा सांगितला.

मी म्हणालो, "माझं चुकलं. तुझ्या गाडीवर तू पाणी बघत होतास. टायमिंगच पुढं होतं. मी बघितलंच नव्हतं." असले शब्द मी जन्मात फार वेळा बोललेलो नाही, त्यामुळं धड जमलेही नाहीत.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"टायमिंग पुढं हाय ते. त्या दिशी भूमला मी शेजारीच हुबा हुतो की. तीनदा म्हनलो, चाचा आजून ठोकतीय, आजून ठोकतीय. ते म्हनले, हौ हौ, चा पिऊनच जा. तवाच कळलं मला."

मी कप खाली ठेवला. "अरे मग मला का नाही सांगितलंस? अक्कांना का नाही? खोली गेली तुझी, नोकरी गेली. तोंड शिवलं होतं का तुझं?"

त्यानं उस्तादाकडं बघितलं. उस्ताद बशीतला चहा फुंकत होते. तरी यानं आवाज खाली आणला.

"मला कुठं बी काम घावंल, मिस्त्री. गाडी न्हाय तर पेट्या. बहिऱ्या मिस्त्रीच्या दारात गाडी कोन हुबी करंल?"

उस्ताद एकदा त्याच्या ओठांकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय म्हणला त्यो?" त्यांनी मला विचारलं.

येतो म्हणाला, असं सांगावं असं मनात आलं. जिभेवर आलंही होतं. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हळूच मान हलवत होता, सांगू नका म्हणून. पण सोयीचं बोलून मी आधीच एक वाटोळं केलं होतं. मी उस्तादाच्या डाव्या कानाशी वाकलो आणि त्याचं वाक्य होतं तसं, शब्दाला शब्द, सांगितलं. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. मला ते परत ओरडून सांगावं लागलं. हॉटेलातली बोलणी थांबली. भजी तळणारा झारा हातात धरून आमच्याकडं बघत राहिला.

उस्तादानं बशी टेबलावर ठेवली. थोडा चहा सांडला. मग त्यांनी ड्रायव्हरचं मनगट धरलं. आपला आवाज किती मोठा येतोय हे त्यांना आता कळत नव्हतं, फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनीसुद्धा वळून बघितलं.

"मी बहिरा झालोय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली असतील. ज्याला सांगायचंय त्यानं खुशाल सांगावं. ह्या माणसाचा काही गुन्हा नव्हता."

ड्रायव्हर टॉवेल तोंडाला लावून उभा राहिला. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही, म्हणून उठून चहाचे किती झाले ते विचारायला गेलो. परत आलो तेव्हा तो ट्रकवाल्याला काम सोडतोय म्हणून सांगून आला होता. बायकोला घ्यायला घरी जायचं होतं. मी काही न बोलता चावी पुढं केली.

तो स्टेअरिंगवर बसला. उस्ताद शेजारी. मी मागं, कॅनच्या जागेवर. त्यानं जीप सुरू केली आणि तापू दिली. उस्ताद या वेळी पत्र्याला हात लावायला गेले नाहीत. त्याच्याकडं पुरते वळून बसले आणि विचारलं, "ठोकतीय का रे?"

ड्रायव्हरनं गाडी एकदा रेस केली, कान देऊन ऐकलं आणि त्यांना दिसेल अशी सावकाश मान हलवली. नाही.